एसी १२८ आणि फाटका आवाज

१९६२ साली बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तयार व्हायला लागले. त्याच वर्षी अमेरिकेत गिब्सन कंपनीनं मॅस्ट्रो फझ-टोन नावाची एक उतरत्या माथ्याची डबी विकायला काढली. तिच्या पोटातही जर्मेनियमचेच तीन ट्रान्झिस्टर होते. बंगळूरचे ट्रान्झिस्टर रेडिओत बसले आणि गावोगाव बातम्या, भावगीतं, बाजारभाव ऐकवू लागले. अमेरिकेतली डबी गिटारवाल्याच्या पायाशी बसली आणि गिटारचा आवाज मुद्दाम फाडू लागली. रेडिओ मेकॅनिक जो दोष काढण्याचे पैसे घेत होता, तोच दोष तिकडे दुकानात विकत मिळू लागला होता.

फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन अशा नावांच्या या डब्यांचा इतिहास बहुतेक वेळा गिटारवाल्यांच्या बाजूनं सांगितला जातो. कोणत्या गाण्यात कोणी कोणती डबी दाबली, एवढ्यावर तो संपतो. मला तो सोल्डरिंगच्या टेबलावरून सांगायचा आहे आणि तोही जालन्याच्या बाजूनं. कारण असं की या डबीला लागणारा जवळजवळ प्रत्येक भाग मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरच्या कोणत्याही गावात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, पत्र्याच्या डब्यात पडलेला असायचा.

आधी मूळ घटना. १९६०च्या शेवटी नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस गिटार वाजवत होता. त्याचा आवाज ज्या चॅनलमधून मिक्सरमध्ये येत होता तो चॅनल मधेच बिघडला आणि बेसचा सूर घोगरा, भुंग्यासारखा यायला लागला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांच्यासमोर दोन वाटा होत्या. तुकडा पुन्हा वाजवून घ्यायचा, किंवा आहे तसा राहू द्यायचा. तो राहू दिला. १९६१ साली गाणं अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं आणि इतर वादक स्नॉडींकडे येऊन तोच आवाज मागायला लागले. बिघडलेला चॅनल एव्हाना पुरता मेला होता. तेव्हा स्नॉडींनी रेविस हॉब्ज या सहकाऱ्याला घेऊन तो बिघाड ट्रान्झिस्टरमधून पुन्हा घडवला आणि आराखडा गिब्सनला विकला. दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, तीन ट्रान्झिस्टर, दोन बटणं आणि पायानं दाबायचा एक स्विच, एवढाच ऐवज.

यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा दिवस सगळा बिघाड शोधण्यात जातो. बिघाडाचा नकाशा काढून तो जसाच्या तसा बांधून द्यायचा, हे काम स्नॉडी आणि हॉब्ज यांनी केलं. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध तोच आहे.

फाटका आवाज त्याआधीही होता, पण तो मिळवायला यंत्राची नासधूस करावी लागे. १९५१ साली ‘रॉकेट ८८’ हे गाणं मुद्रित करायला निघालेल्या वादकांचा ॲम्प्लीफायर वाटेत खराब झाला. मेम्फिसच्या स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि विली किझार्टचा गिटार तसाच मुद्रित केला. १९५८ साली लिंक रे या वादकानं स्पीकरच्या कागदी कोनाला पेन्सिलीनं भोकं पाडली. १९६४ साली लंडनच्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या एल्पिको ॲम्प्लीफायरचा कोन दाढीच्या ब्लेडनं चिरला, आणि त्याच आवाजात किंक्स या बँडचं ‘यू रिअली गॉट मी’ वाजलं. डबी आल्यावर स्पीकर वाचले. सुरुवातीला मात्र तिला गिऱ्हाईकच नव्हतं. गिटारमधून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, चेलो असे आवाज निघतील अशी जाहिरात केली होती, आणि ज्याला ट्रम्पेट हवा तो ट्रम्पेटवाला बोलावे. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्‌सनं ती दाबली तेव्हा तिचं नशीब उघडलं. गंमत अशी की रिचर्ड्‌सच्या मनातही तो तुकडा ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठीच होता. गिटारवर त्यानं तो फक्त खूण म्हणून वाजवला होता.

या डबीत नेमकं घडतं काय? गिटारच्या ए तारेचा सूर सेकंदाला ११० कंपनांचा असतो. तारेखालच्या पिकअपमधून निघणारी विजेची लाट मऊ चढ-उताराची असते. ट्रान्झिस्टरला तिचा जोर झेपेनासा झाला की लाटेचा माथा आणि तळ सपाट कापला जातो. वरून-खालून सारखी कापली गेलेली लाट चौकोनी व्हायला लागते, आणि चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर घुसतात: ३३०, ५५०, ७७०. म्हणून एकच तार छेडली तरी भरघोस ऐकू येते. लहान-मोठे सगळे आघात एकाच उंचीवर कापले गेल्यामुळे सूर लवकर विझत नाही, लांबत राहतो. आणि दोन तारा एकत्र छेडल्या तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच सूर तयार होतात. दोन सुरांचं नातं साधं असेल तर या बेरजा गोड लागतात, नाहीतर सगळा चिखल होतो. रॉकवाले म्हणूनच गंधार वगळून षड्ज-पंचमच वाजवतात. त्यालाच ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

षड्ज-पंचम आणि त्यांच्यावर घोंघावणारे वरचे सूर हे आपल्या कानाला नवे नाहीत. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर तासन्‌तास कानस फिरवतात ते जवारीसाठी. तार घोडीवर स्वच्छ न टेकता तिच्या बाकावर घासत राहावी आणि त्या घासण्यातून वरचे सूर उमलावेत, यासाठी तारेखाली सुताचा धागा सरकवून जागा पक्की करतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हीच पिढीजात कानसकारी आहे. जवारी आणि फझ एकच आहेत असं मी म्हणत नाही. एकात लाकूड-हाड काम करतं, दुसऱ्यात विजेचा प्रवाह. पण निर्मळ, गुळगुळीत सूर अपुरा वाटणं आणि त्याला कारागिरीनं खरखर द्यावीशी वाटणं, ही गरज दोन्हीकडे सारखी आहे. गोंधळ्याचं तुणतुणं आणि मराठवाड्यातल्या आराध्यांचं चौंडकं ऐकत वाढलेल्या माणसाला या आवाजानं बिचकायचं कारण नव्हतं.

विजेवरचा टोकदार आवाजही आपल्याकडे रॉकच्या आधी पोचला होता. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी खरी पुंगी नव्हती. हेमंतकुमार यांच्या संगीतात कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. ते फ्रान्समध्ये १९४७ साली निघालेलं, व्हॉल्व्हवर चालणारं वाद्य. ती धून तंबूतल्या टॉकीजमधून खेड्यापर्यंत गेली आणि अजून वरातीतून निघालेली नाही. आणखी एक उदाहरण बेंजोचं. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळांचं एक तंतुवाद्य काढलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप बसला, ते भोंग्याला जोडलं गेलं आणि मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांत बेंजो पार्टी उभी राहिली. ॲम्प्लीफायर पूर्ण पिळल्यावर भोंग्यातून येणारा त्याचा आवाज ऐका. गिटारवाले ज्याच्यासाठी डब्या बांधतात तोच फाटका, लांबणारा सूर तिथे भर रस्त्यात वाजत असतो.

मुंबईत गिटारही लवकर आला. लखनौला जन्मलेले व्हॅन शिपली चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटार वाजवत आणि त्यांनी स्वतःसाठी आठ तारांचा गिटार बनवून घेतला होता. पुण्याच्या इनॉक डॅनिअल्स यांच्या अकॉर्डियनबरोबर त्यांच्या कितीतरी ध्वनिमुद्रिका निघाल्या. साठच्या दशकात बीट ग्रुप, म्हणजे तरुण पोरांचे रॉक बँड, सुरू झाले. सिमला सिगारेटच्या नावानं भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेची अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होई, आणि १९७० व १९७१ साली त्या स्पर्धकांच्या दोन एलपी निघाल्या. त्या आज ऐकल्या तर गिटारचा फाटका आवाज त्यांत ठिकठिकाणी सापडतो.

या पोरांकडे सामान कुठून येत होतं? परदेशी वस्तूंच्या आयातीला परवाना लागे, वर जबर जकात. फेंडर, गिब्सन, व्हॉक्स ही नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर पाहायची. कोणाचा काका बोटीवर, कोणाची आत्या लंडनला, असं काही असेल तर एखादा गिटार यायचा. बाकीचं इथेच. ॲम्प्लीफायर, स्पीकरची खोकी, कधी कधी गिटारचा पिकअपसुद्धा स्थानिक कारागिराकडून बनवून घ्यायचा. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ साली ‘इंडिया सायकेडेलिक’ या पुस्तकात त्या काळाचं चित्र उभं केलं आहे, आणि त्यात हा जुगाड जागोजागी दिसतो. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये त्यांनी इथल्या वादकांचंच सामान घेऊन वाजवलं. फाटक्या आवाजाच्या जगातला त्या काळचा सर्वांत मोठा वादक इथल्या सामानावर वाजवून गेला, ही मला त्या अनामिक जोडाऱ्यांना मिळालेली पावती वाटते.

मराठी माणूसही यात होता. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे मुंबईच्या रॉक बँडमधून गात. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते जुडास झाले आणि १९७८ साली थिएटर ॲकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून रॉकच्या बाजाचं गाणं त्यांनी मराठी रंगभूमीवर आणलं. पुलंनी रूपांतरित केलेलं आणि जब्बार पटेलांनी बसवलेलं हे नाटक मराठी प्रेक्षकांनी पाहिलं, पण त्यातून मराठी रॉकची परंपरा उभी राहिली नाही. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्यावर आपण फार थोडं लिहिलं.

आता मुंबईहून निघणारी रेल्वे धरून मनमाडमार्गे जालन्याला यायचं. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१चा. त्याआधी हा भाग औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत विभागलेला होता. निजामाच्या काळात १९००च्या सुमारास झालेल्या या रेल्वेमार्गामुळे एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला हैदराबाद, अशा दोन बाजारपेठा जालन्याला जोडल्या गेल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि हैदराबादची कोठी ही दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची मोठी ठिकाणं. मोंढ्यातला व्यापारी, पुढे बियाण्यांच्या आणि सळयांच्या धंद्यात गेलेला उद्योजक, खेड्यातला शिक्षक, या सगळ्यांच्या घरी साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओ आला. पोस्टात जाऊन त्याच्या लायसनचे पैसे भरावे लागत. बुश, फिलिप्स, ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी. आणि रेडिओ आला की पाठोपाठ तो दुरुस्त करणारा येतोच.

त्या मेकॅनिकच्या डब्यात हात घालून बघू. हाताला लागणारी पहिली वस्तू बहुधा एसी १२८ असेल: पत्र्याची बारीक टोपी आणि खाली तीन पाय. युरोपीय पद्धतीत नावातलं पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम आणि दुसरं सी म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या कंपनांसाठीचा कमी ताकदीचा ट्रान्झिस्टर. एसी १२७ आणि एसी १२८ची जोडी ट्रान्झिस्टर रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात, स्पीकरच्या अलीकडे बसायची. एक जळला की दुसराही बदलायचा, असा रिवाज. म्हणून डब्यात वापरलेले पण जिवंत असे किती तरी पडून असायचे.

आणि १९६६ साली लंडनमध्ये आयव्हर आर्बिटर यांनी फझ फेस नावाची जी गोल डबी काढली, तिच्या काही खेपांमध्ये हाच एसी १२८ होता, काहींमध्ये एनकेटी २७५. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी असायची ती हीच डबी. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. अकरा भागांत सगळा खेळ संपतो. फझ कमी-जास्त करणारा पॉट १ के, आवाजाचा ५०० के, आणि वर एक ९ व्होल्टचा सेल. पॉकेट रेडिओची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला हे सर्किट एका दुपारचं काम होतं. आज इंटरनेटवरून नकाशा उतरवून फझ फेस बांधणारी मुलं पहिल्यांदा अडखळतात ती एका गोष्टीवर: एसी १२८ पीएनपी जातीचा असल्यानं सेलचं धन टोक चेसिसला जोडावं लागतं, नेहमीच्या उलट. जुन्या मेकॅनिकला ते उलट वाटलंच नसतं. त्याच्या हाताखालून गेलेल्या जर्मेनियम रेडिओंची जोडणी बहुधा तशीच असायची.

खरी कसोटी निवडीत असते. जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर कधी सारखे निघत नाहीत. एकाच खोक्यातला एक सत्तर पट वाढवेल, शेजारचा दीडशे पट, तिसरा प्रवाह गळत बसेल. फझ फेसला पहिला सत्तरच्या आसपासचा आणि दुसरा एकशेवीसच्या आसपासचा हवा, असं बांधणारे मानतात. म्हणजे मूठभर घ्यायचे, मीटरवर एकेक मोजायचा, मग जोडी लावून कानानं ऐकायचं. शिवाय हे मोजमाप उन्हाळ्यात टिकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की जर्मेनियममधली गळती साधारण दुप्पट होते. इंग्लंडच्या २० अंशांत जुळवलेली डबी मे महिन्यात जालन्याच्या ४२ अंशांत आणली, तर पहिल्या गाण्याला गुरगुरेल आणि तिसऱ्याला घसा बसल्यासारखी मिणमिणेल. मराठवाड्यात जर्मेनियमची डबी बांधायची तर बायसचा रेझिस्टर काढून तिथे ट्रिमपॉट बसवायचा आणि ऋतूप्रमाणे स्क्रू फिरवायचा, किंवा सरळ सिलिकॉनवर जायचं. आर्बिटरनंही साठचं दशक संपता संपता तेच केलं आणि फझ फेसमध्ये बीसी १०८सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घातले. नावातला बी म्हणजे सिलिकॉन. तोही भारतात सहज मिळे.

म्हणजे भाग होते, हात होते, ९ व्होल्टचे सेल होते. नव्हता तो गिटार. जालन्यासारख्या गावात गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून किंवा औरंगाबादेहून ऑर्केस्ट्रा येई तेव्हा इलेक्ट्रिक गिटार दिसे, आणि ट्रकबरोबर परत जाई. इथला मेकॅनिक आपली सगळी विद्या लग्नाच्या मांडवातल्या, भजनाच्या आणि राजूरच्या गणपतीच्या जत्रेतल्या ॲम्प्लीफायरवर खर्च करत होता, आणि तिथे त्याला ऐकावी लागणारी एकच तक्रार होती: आवाज फाटतोय. हा माणूस अडाणी नव्हता. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकलेला असे, किंवा उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला. १९६९ साली दिल्लीहून सुरू झालेलं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक त्यातले काही जण मागवत आणि त्यातली सर्किट्स बांधून पाहत. फाटका आवाज कशानं येतो हे त्याला हेंड्रिक्सपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो हवासा असू शकतो, हे सांगणारा गिटारवाला त्याच्या दुकानात यायचा होता.

सत्तरच्या दशकात डब्यांची पुढची पिढी आली आणि ती तर आपल्या आणखी जवळची होती. आता ट्रान्झिस्टरच्या जागी ऑप-ॲम्प ही चिप आली. एमएक्सआर कंपनीच्या डिस्टॉर्शन प्लसमध्ये ७४१ ही चिप होती आणि तिच्या पुढे जर्मेनियमचे दोन डायोड उलटसुलट जोडून ग्राउंडला टेकवलेले होते. १९७८ साली बॉसची डीएस-१ आली, १९७९ साली आयबानेझची हिरवी ट्यूब स्क्रीमर. ट्यूब स्क्रीमरमध्ये ४५५८ ही चिप आहे. तिच्यावर जगभरच्या गिटारवाल्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, तिच्या जुन्या जपानी खेपा शोधत लोक फिरतात. आपल्याकडे ती लोकल ॲम्प्लीफायरच्या बास-ट्रेबल बोर्डावर बसलेली असते. ४४४० या ॲम्प्लीफायर चिपच्या बोर्डापुढे ४५५८चा प्रीॲम्प, ही जोडणी गल्लीतल्या कोणत्याही असेंबलवाल्याला झोपेत येते.

७४१ पुढच्या त्या दोन डायोडांची गोष्ट तर आणखी जवळची. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका किंवा पदवी घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं डायोड क्लिपरचं प्रॅक्टिकल केलेलं असतं. सिग्नल जनरेटरमधून साइन वेव्ह सोडायची, डायोड जोडायचा आणि सीआरओच्या हिरव्या पडद्यावर लाटेचा माथा कापला गेलेला बघायचा. मग ती आकृती आलेख-कागदावर पेन्सिलीनं काढायची, जर्नलमध्ये चिकटवायची आणि सरांची सही घ्यायची. मराठवाड्यातल्या तंत्रनिकेतनांमधून अशी हजारो जर्नल्स सबमिट झाली असतील. त्या प्रत्येकात डिस्टॉर्शन पेडलचं हृदय काढलेलं आहे. फक्त जनरेटरच्या जागी गिटार आणि सीआरओच्या जागी स्पीकर लावला की झालं. हे त्या वर्गात कोणी सांगितलं असतं, तर ‘ॲप्लिकेशन्स’च्या रकान्यात पाठ केलेल्या दोन ओळींऐवजी मुलांनी स्वतःच्या कानानं उत्तर लिहिलं असतं.

डब्यांमध्ये फेरफार करणं, ज्याला हे लोक मॉड म्हणतात, तेही याच डायोडांपाशी सुरू होतं. १एन ४१४८ हा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या सुमारास लाट कापतो, म्हणून आवाज कडक येतो. त्या जागी रेडिओतला ओए ७९ हा जर्मेनियमचा डायोड लावला तर तो निम्म्याहून कमी व्होल्टवर आणि हळूहळू कापतो. सूर दबका, उबदार येतो. दोन लाल एलईडी लावले तर दीड व्होल्टच्या वरच कापाकापी होते, आवाज मोठा आणि मोकळा होतो, आणि जोरात वाजवलं की ते दिवे लुकलुकतातही. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड घातले तर लाट वर-खाली वेगवेगळी कापली जाते आणि दुपटीचे सूरही मिसळतात. मग कपॅसिटर बदलायचा: इनपुटचा मोठा केला की खर्ज जास्त आत येतो आणि आवाज भरदार होतो, फार मोठा केला की चिखल. यातल्या कोणत्याही प्रयोगाला फारसे पैसे लागत नाहीत. महाग पडतो तो पायानं दाबायचा जाड स्विच, आणि अडून बसतो तो डबा. प्लॅस्टिकचा डबा चालत नाही. ट्यूबलाइटच्या चोकची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची गुणगुण आत शिरते. म्हणून घरी बांधणारे वायरिंगच्या कामातले स्विचबोर्डचे लोखंडी बॉक्स वापरतात.

१९९१ नंतर आयात खुली झाली. कॉलेजच्या बँडांत जपानी झूम ५०५ शिरलं: एका छोट्या डबीत सगळे इफेक्ट्स, सोल्डरिंगची गरज नाही. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक भरत होतं आणि धोबीतलावाचं रंगभवन हे त्या पिढीचं ठाणं होतं. ती पिढी घरी बांधणं विसरली म्हणायला हरकत नाही. ते पुन्हा आलं एकविसाव्या शतकात. मुंबईत आदित्य नंदवाना यांनी ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही कंपनी काढून इथेच पेडल बांधायला सुरुवात केली. त्यांचा बॅरन सामेदीसारखा पेडल परदेशातले वादकही विकत घेतात. ज्या वस्तूची एके काळी बोटीवरच्या काकाकडून वाट पाहिली जायची, ती मुंबईहून बाहेर जाते आहे. तेव्हा इथे कौशल्य नव्हतं, हा समज आता तरी टाकून द्यावा. कौशल्य आणि वाद्य एका खोलीत आले नव्हते, एवढंच.

आजच्या जालन्यात ते येऊ शकतात. गिटार आता ऑनलाइन मिळतो, तालुक्याच्या गावातही शिकवणारे आहेत. उलट कमी होत चालला आहे तो जर्मेनियम. एसी १२८ आता रेडिओसाठी कोणी बनवत नाही. जगभर जुना साठा शोधून, मोजून, जोड्या लावून विकला जातो आणि त्याला चांगली किंमत येते. आपल्याकडे तो जुन्या रेडिओच्या पोटात माळ्यावर आहे, नाहीतर दुकान बंद करून घरी बसलेल्या मेकॅनिकच्या डब्यात. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये देशभरचं भंगार वितळून सळई होते. लोखंडी चेसिसबरोबर बोर्डही भंगारवाल्याकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर हे भाग कायमचे जातात.

म्हणून जालना, भोकरदन, अंबड, परतूर, कुठेही असा रेडिओ किंवा असा डबा तुमच्या घरात असेल तर भंगारात देण्याआधी उघडून बघा आणि पत्र्याच्या टोपीचे, तीन पायांचे ट्रान्झिस्टर वेगळे काढून ठेवा. गावातला जुना मेकॅनिक हयात असेल तर त्याच्याकडे जा. त्यानं काय काय जोडलं, भाग कुठून आणले, कोणाच्या हाताखाली शिकला, हे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. आणि घरात गिटार वाजवणारं पोर असेल तर त्याला बरोबर न्यायला विसरू नका.